फोल्डिंग सायकल कुरकुरते, हँडल डुलतं : खटका आवळण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची तक्रार यातलीच आहे का ते लगेच कळेल.

- सिग्नलवरून निघताना किंवा चढावर पायडलवर जोर दिला की ‘कट् कट्’ आवाज येतो. सपाटीवर निवांत चालवताना येत नाही.
- पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या बुडाशी किंवा चिमट्यापाशी (पुढचं चाक धरणाऱ्या भागापाशी) ‘टक्’ असा ठोका लागतो.
- उभं राहून दोन्ही हातांनी हँडल पुढे-मागे केलं तर उभा दांडा किंचित डुलतो.
- सीटवर बसलं की कुरकुर, सीटवरून उठून चालवलं की शांतता.
- फ्रेमच्या मधल्या बिजागरीचा खटका पूर्वी तळहाताने रेटून लावावा लागायचा, आता दोन बोटांनी लागतो.

यातलं एक जरी लक्षण असलं तरी बहुतेक जण एकच उपाय करतात. मधला खटका अजून आवळतात. आवाज तिथूनच येतोय असं वाटतं आणि सायकल तिथेच दुमडते, म्हणून संशयही तिथेच जातो. शेजारपाजारच्या आणि ओळखीतल्यांच्या फोल्डिंग सायकलींवर हीच तक्रार मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलो आहे. अनुभव असा, की दोष बऱ्याचदा खटक्यात नसतोच. तो सीटच्या दांड्यात, पायडलमध्ये किंवा हँडलच्या खालच्या बेअरिंगमध्ये सापडतो. दोष तसाच राहतो आणि गरज नसताना आवळलेल्या खटक्यावर व बिजागरीवर कायमचा ताण बसतो. म्हणून खेळ, म्हणजे सैलपणामुळे होणारी हालचाल, कुठे आहे ते आधी शोधायचं, पाना नंतर उचलायचा.

कानाने शोधायला जाऊ नका. फ्रेमची नळी पोकळ असते. ढोलकीच्या एका तोंडावर थाप मारली तरी सगळं खोड घुमतं, तसा पायडलचा आवाज हँडलमधून आल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा बोट कामाला येतं. दोन भाग जिथे जुळतात त्या रेषेवर बोटाचं टोक अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवायचं आणि दुसऱ्याला सायकल हलवायला सांगायचं. केसाइतकी हालचाल असली तरी बोटाला समजते. पुढच्या सगळ्या तपासण्यांत हीच युक्ती वापरायची आहे.

सामान फारसं लागत नाही: एलन कीचा संच, १० चा पाना, पायडलसाठी १५ चा पातळ पाना, जुना टूथब्रश, सुती फडकं, ग्रीसची लहान डबी, टॉर्च आणि पांढरा किंवा सिल्व्हर मार्कर.

सगळ्यात आधी भेगा बघा

या तपासणीला पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात. ती पहिली ठेवण्याचं कारण असं, की भेग सापडली तर पुढचं काहीही करायचं नाही, सायकल चालवायची नाही.

सायकल धुऊन पुसून कोरडी करा. मग टॉर्च तिरका धरून चार जागा बघा. एक, मधल्या बिजागरीच्या दोन्ही बाजूंचं वेल्डिंग, विशेषतः नळीचा खालचा भाग. तुमचं वजन फ्रेमला मधोमध खाली दाबतं आणि खालचा भाग ताणला जातो, म्हणून भेगेची सुरुवात तिथे व्हायची शक्यता जास्त. दोन, हँडलच्या दांड्याच्या बिजागरीचं बूड. तीन, सीटची नळी आणि वरचा क्लॅम्प जिथे भेटतात ती खाच. चार, पायडलच्या एक्सलचं घर आणि मागचा चिमटा यांचा जोड.

भेग नेहमी उघड्या चिरेसारखी दिसत नाही. रंगावर केसासारखी रेघ दिसते, पुसूनही दोन दिवसांत त्याच जागी पुन्हा काळपट ओरखडा उमटतो, किंवा स्टीलची फ्रेम असेल तर तांबेऱ्याची बारीक रेषा दिसते. नख आडवं फिरवा. नख अडलं तर तो नुसता रंगावरचा चरा नाही असं धरून चाला. शंका असलेल्या रेघेच्या दोन्ही टोकांना मार्करने ठिपके द्या आणि फोटो काढून ठेवा. हा फोटो दुकानात दाखवायला आहे. ‘वाढते का बघू’ म्हणून सायकल चालवत राहायला नाही. वापरातल्या पुष्कळ फोल्डिंग सायकली अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि अ‍ॅल्युमिनियम फारशी सूचना न देता तुटतं.

भेग नसेल तर पुढे जा.

फुकटातले उपाय: केबल, मडगार्ड, हवा

फोल्डिंग सायकलीच्या केबल लांब असतात, कारण दुमडताना त्यांना वळायला जागा हवी. उघडल्यावर त्या सैल लोंबतात आणि खड्ड्यात फ्रेमवर आपटतात. हा आवाज ‘टक टक’ असा, ताल नसलेला असतो. चालवताना एका हाताने केबलचा जुडगा फ्रेमला दाबून धरा. आवाज थांबला तर एक वेलक्रोची पट्टी बांधून काम संपलं. प्लॅस्टिकची टाय आवळून बांधू नका. दुमडताना केबलला सरकता आलं पाहिजे, नाहीतर बाहेरचं कव्हर ब्रेकच्या टोकाशी मोडतं आणि गिअर अडखळायला लागतात.

मग मडगार्डच्या काड्या, कॅरिअर, स्टँड, दुमडल्यावर दोन चाकं एकत्र धरणारं चुंबक किंवा रबरी पट्टा. या सगळ्यांचे स्क्रू एकेक करून आवळा. लहान चाक ठोके जास्त देतं, त्यामुळे हे स्क्रू मोठ्या सायकलीपेक्षा लवकर सैल होतात. हिशोबच करून बघा. २० इंची चाकाचा घेर साधारण दीड मीटर, म्हणजे एका किलोमीटरला चाक साडेसहाशेच्या आसपास फेऱ्या मारतं. नेहमीच्या मोठ्या चाकाला तेवढ्याच अंतरात पावणेपाचशेच्या आसपास पुरतात. शिवाय मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्यात लहान चाक उतरतं.

हवा टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यांच्या मध्ये ठेवा. कमी हवेच्या टायरमुळे हँडल जड आणि डुलतं लागतं आणि माणूस बिजागरीवर संशय घेतो. चाकाचे नट किंवा क्विक रिलीजही याच वेळी बघा. चाक वर उचलून कडेला धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर तो नटचा किंवा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगचा आहे, बिजागरीचा नाही.

सीटचा दांडा

बसल्यावर कुरकुर आणि उठल्यावर शांतता असेल तर थेट इथे या. फोल्डिंग सायकलीचा सीटचा दांडा फार लांब असतो, रोज खाली-वर होतो आणि प्रत्येक वेळी रस्त्याची धूळ घेऊन आत जातो. आत प्लॅस्टिकची बाही असेल तर ही धूळ तिच्यात रुतून बसते. कुरकुरते ती हीच धूळ.

दांडा पूर्ण बाहेर काढा. नळीच्या आत काठीला फडकं गुंडाळून फिरवा. दांडा साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग स्पिरिटने पुसा. क्लॅम्पच्या खाचेतली माती टूथब्रशने काढा. हे केल्यावर पुष्कळ सायकली गप्प होतात, आणि सीट घसरत असेल तर तीही बऱ्याचदा थांबते.

दांड्याला तेल किंवा ग्रीस लावावं का, हा प्रश्न हमखास येतो. नेहमीच्या सायकलीत लावतात. इथे, प्लॅस्टिकची बाही असलेल्या आणि रोज वर-खाली होणाऱ्या दांड्याला मी लावू देत नाही. सीट घसरायला लागते, मग माणूस क्लॅम्प जास्त आवळतो आणि क्लॅम्पच्या खाचेपाशी नळीला भेग पडायची सोय होते. दांडा कोरडा आणि स्वच्छ, क्लॅम्पच्या बोल्टच्या आट्यांना मात्र थेंबभर तेल.

दांड्यावर कमीत कमी किती भाग आत हवा याची खूण असते. ती बाहेर दिसता कामा नये. उंच माणसांनी सायकल घेतली की ही चूक सर्रास दिसते. अशा वेळी लांब दांडा मिळतो का ते बघा, खूण ओलांडू नका. सीटच्या खालचे, रेल धरणारे बोल्टही पिळून बघा.

पायडल

आवाज प्रत्येक फेरीला एकदाच, एकाच पायाच्या दाबाला येत असेल तर पायडल किंवा क्रँक, म्हणजे पायडल जिच्यात बसतं ती दांडी. मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर फक्त उजव्या पायाने जोर द्या, मग फक्त डाव्या. कुठला पाय ‘बोलतो’ ते कळतं.

दुमडणाऱ्या पायडलच्या सांध्यात मुळातच थोडा खेळ असतो आणि प्लॅस्टिकचे पायडल झिजले की तो वाढतो. पायडल दाबून वर-खाली हलवून बघा. बराच खेळ असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता जोडी बदला. पण आधी पायडल काढून आटे पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवून बघा, कारण कोरडे आटे हेही कुरकुरीचं नेहमीचं कारण आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पायडल पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवले की आवळतात आणि मागे फिरवले की सैल होतात, एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. बसवताना सुरुवातीचे दोन-तीन आटे हातानेच गेले पाहिजेत. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये स्टीलचा आटा तिरका घुसवला तर क्रँकच बदलावी लागते.

कोकणात किंवा मुंबईसारख्या खाऱ्या हवेत हे ग्रीसचं काम पावसाळ्याआधी कराच. तिथे पायडल क्रँकमध्ये असे धरून बसतात की नंतर पान्याला नळी लावूनही हलत नाहीत.

मधली बिजागरी: आधी सफाई, मग आवळणं

आता मुख्य संशयिताकडे आलो. सायकल उघडून खटका लावा. एकाने सीट धरून फ्रेम मधोमध खाली दाबायची आणि सोडायची, मग हँडल आणि सीट धरून उलट सुलट पिळायची. दुसऱ्याचं बोट बिजागरीच्या जुळणीवर. हालचाल जाणवली नाही तर इथला खटका निर्दोष आहे. त्याला हात लावू नका आणि पुढच्या भागाकडे जा.

हालचाल जाणवली तरी पाना लगेच नको. खटका सोडा, सायकल दुमडा आणि एकमेकांवर टेकणारे दोन्ही सपाट पृष्ठभाग बघा. तिथे वाळूचा एक कण अडकला तरी दोन भाग पूर्ण टेकत नाहीत. खटका बंद होतो, सगळा जोर त्या एका कणावर येतो आणि चालवताना कण चुरडला की खेळ सुरू होतो. टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन दोन्ही पृष्ठभाग, कडा आणि खटक्याची खोबण घासा. कोरडं करा. बिजागरीच्या खिळ्यावर वरून-खालून एक-एक थेंब तेल सोडा, चार-पाच वेळा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. टेकणारे पृष्ठभाग कोरडेच राहू द्या. चिकट ग्रीस धूळ धरतं आणि आठवड्याभरात परत तीच कुरकुर.

तेल कुठलं? शिवणयंत्राचं चालेल, सायकलीचं उत्तम. घरातलं खोबरेल नको. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि पुण्या-नाशकातल्या थंडीच्या सकाळी बिजागरीत त्याचा मेणासारखा थर बसतो. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला चांगलं, पण वंगण म्हणून टिकत नाही आणि आतलं जुनं ग्रीसही धुऊन काढतं.

सफाईनंतर पुन्हा बोटाची परीक्षा. खेळ तसाच असेल तर आता खटक्याचा ताण बदला. खटक्याच्या आत किंवा मागे एक बोल्ट आणि नट असतो. काही सायकलींत तो बारीक अडकवणी स्क्रूने धरलेला असतो, तो आधी सैल करावा लागतो. नट एका वेळी आठवा भाग वळवा, जास्तीत जास्त पाव. प्रत्येक वेळी खटका लावून बघा. ताण बरोबर असेल तर खटका साधारण अर्ध्या वाटेवर आला की विरोध सुरू होतो आणि शेवटी तळहाताने रेटून तो बसतो. पुन्हा उघडताना हातच पुरला पाहिजे. उघडायला पाय, हातोडी किंवा पाना लागत असेल तर ताण जास्त झाला आहे.

जास्त ताण धोक्याचा का, हे समजून घ्या. खटका बोल्टला ओढतो, बोल्ट बिजागरीच्या दोन कानांना ओढतो. तो ओढ कायमचा राहतो आणि त्यावर तुमचं वजन व रस्त्याचे धक्के येतात. बोल्टचे आटे ताणले जातात, खटक्याचा खिळा वाकतो, शेवटी कानांपाशी वेल्डिंगला भेग पडते. सैल खटका निदान आवाज करून सांगतो. जास्त आवळलेला गप्प राहतो, म्हणून मला त्याची भीती जास्त वाटते.

ताण जमला की नट आणि फ्रेम यांवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. वारंवार फिरत असेल तर मध्यम ताकदीचं, निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब पुरतं. लाल नको, ते सोडवायला उष्णता लागते. सुरक्षेचा छोटा अडसर असतो तो खटका लावल्यावर आपोआप बसतो का तेही बघा. अडसर न सोडता खटका उघडता आला तर ती सायकल रस्त्यावर न्यायची नाही.

स्क्रूने फिरणाऱ्या पंखांच्या क्लॅम्पची बिजागरी, जशी ब्रॉम्प्टनची असते, तिचं गणित वेगळं. तिथे खटक्याचा ताण बसवायचा नसतो. क्लॅम्पची पट्टी झिजली की ती बदलायची, आणि बिजागरीचा खिळा बदलायचा झाला तर भोक रीमरने घासून मापात आणावं लागतं. खिळ्याचं काम घरी करू नये.

हँडलचा दांडा आणि त्याखालचं बेअरिंग

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून जरा थांबून वाचा. हँडल डुलण्याची जागा चारपैकी एक असते: वरखाली होणाऱ्या दांड्याचा क्लॅम्प, दांड्याची बिजागरी, तिच्याखालचं हेडसेट म्हणजे चिमट्याचं बेअरिंग, नाहीतर ब्रेकचे हात, म्हणजे ब्रेकच्या हलणाऱ्या दोन बाजू. मुठीत चारही सारखेच लागतात. दांडा लांब असल्यामुळे बिजागरीत अर्धा मिलिमीटर खेळ असला तरी वर मुठीपाशी तो काही मिलिमीटर होतो, म्हणून हातावरून अंदाज बांधता येत नाही.

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. बोट आधी दांड्याच्या क्लॅम्पवर, मग बिजागरीच्या जुळणीवर, मग खाली हेडसेटची वाटी आणि चिमटा यांच्या फटीवर. कुठे हालचाल आहे ते नोंदवा. मग ब्रेक सोडा, पुढचं चाक आडवं करून जमिनीवर टेकवा आणि तसंच ढकला. आता ब्रेकचा संबंध उरला नाही. ठोका गेला तर खेळ ब्रेकच्या हातांत आहे, तो बोल्ट आवळून किंवा हात बदलून जातो, आणि तेवढा धोक्याचाही नसतो. ठोका राहिला तर दांड्याचा क्लॅम्प, बिजागरी किंवा हेडसेट.

बिजागरी असेल तर वर सांगितलेलंच: सफाई, मग आठव्या-आठव्या भागाने ताण. फक्त इथे चूक परवडत नाही. मधली बिजागरी सैल झाली तर सायकल डळमळते. हँडलची सुटली तर माणूस तोंडावर पडतो. ताण बदलल्यावर सायकल उभी करून, पुढचं चाक पायांत धरून हँडल जोरात पुढे, मागे आणि आडवं ढकलून बघितल्याशिवाय चालवू नका.

हेडसेट असेल तर बऱ्याच मॉडेलांत त्याचा बोल्ट बाहेरून दिसतच नाही. दांडा खाली दुमडला की चिमट्याच्या नळीच्या तोंडातून आत, खोलवर एलन कीचा बोल्ट दिसतो. बाहेर दांड्याचे दाबणारे बोल्ट असतील तर ते आधी सैल करायचे, मग आतला बोल्ट थोडा थोडा फिरवत बेअरिंगचा खेळ काढायचा, मग हँडल सरळ आहे हे बघून बाहेरचे बोल्ट पुन्हा आवळायचे. हा क्रम पाळला नाही तर आतला बोल्ट कितीही फिरवला तरी बेअरिंगवर ताण येत नाही. खेळ जाईल आणि हँडल स्वतःच्या वजनाने न अडखळता फिरेल एवढाच ताण ठेवा. मधोमध आल्यावर ‘खट्’ करून अडकत असेल तर बेअरिंगच्या वाटीत छर्‍यांचे खड्डे पडले आहेत, आवळून उपयोग नाही, बेअरिंग बदलायला हवं.

स्वस्तातल्या सायकलींत आट्यांचं हेडसेट असतं, त्याला मोठे पातळ पाने लागतात. ते सायकलवाल्याकडे असतात आणि काम पटकन होतं. पाइपपाना लावून नट गोल करण्यापेक्षा त्याच्याकडे जा.

क्रँक आणि एक्सल

चेन उतरवून दोन्ही क्रँक हातात धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलल्या तर एक्सलचं बेअरिंग. एकच हलली तर त्या क्रँकचा बोल्ट सैल आहे. चौकोनी एक्सलवरची सैल क्रँक तशीच चालवू नका, अगदी घरापर्यंतसुद्धा नाही. स्टीलचा चौकोन अ‍ॅल्युमिनियमचं भोक गोल करून टाकतो आणि मग कितीही आवळलं तरी ती क्रँक धरत नाही. या बोल्टला ३५ ते ४० न्यूटन मीटर ताण लागतो, म्हणजे हातभर लांब पान्याने चांगलं जोर लावून. लहान एलन कीने चिमटीत आवळून पुरत नाही. बेअरिंगच झिजलं असेल तर ते काढायला वेगळं टूल लागतं. वर्षातून एकदा होणाऱ्या कामासाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

इथे थांबा

पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि सायकल ढकलत किंवा रिक्षात टाकून दुकानात न्या.

फ्रेमवर किंवा हँडलच्या दांड्यावर भेग. खटक्याचा बोल्ट वाकलेला किंवा त्याचे आटे गेलेले. सफाई आणि ताण दोन्ही करूनही बंद बिजागरीत उरलेला खेळ. बिजागरी उघडी असताना खिळ्यात थोडा खेळ असणं वेगळं, ते चालतं. बंद केल्यावर तो गेलाच पाहिजे. टेकणाऱ्या पृष्ठभागांमध्ये एका कडेला उजेड दिसतो आणि दुसऱ्या कडेला नाही. एका अपघातानंतर सायकल हात सोडल्यावर एका बाजूला ओढते.

भेगेला गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. सायकलीच्या फ्रेममध्ये नेहमी वापरला जाणारा ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला असतो. वेल्ड केलं की टाक्याच्या आजूबाजूची पट्टी मऊ पडते आणि पूर्ण फ्रेमला पुन्हा तशीच प्रक्रिया दिल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. टाका चकचकीत दिसतो, पुढची भेग त्याच्या शेजारी पडते. भेग गेलेला दांडा किंवा फ्रेम बदलायचीच.

दुकानात जाण्याआधी एक काम करा. फ्रेम नंबर बहुधा एक्सलच्या घराखाली कोरलेला असतो, तो टिपून कंपनीच्या साइटवर किंवा विक्रेत्याकडे विचारा. बिजागरी आणि हँडलच्या दांड्यातल्या दोषांसाठी कंपन्यांनी याआधी फोल्डिंग सायकली परत मागवलेल्या आहेत. तुमची त्यात असेल तर भाग फुकट मिळू शकतो. सुटे भाग मॉडेलनुसारच मागा. दिसायला सारखे खटके एकमेकांना बसत नाहीत, आणि काही फोल्डिंग सायकलींचा पुढचा हब नेहमीच्या १०० ऐवजी ७४ मिलिमीटरचा असतो, तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही. ट्यूब-टायर घेताना नुसतं ‘२० इंची’ म्हणू नका, टायरवरचा ४०६ किंवा ४५१ हा आकडा सांगा. दोन्ही २० इंचीच म्हणवतात आणि एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

महिन्यातून एकदा दोन्ही बिजागऱ्यांची सफाई आणि मार्करच्या रेघा बघणं, एवढ्याने बहुतेक तक्रारी टळतात. पावसाळ्यात आठवड्याला करा, आणि पावसातून आल्यावर सीटचा दांडा काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवा, म्हणजे नळीत साठलेलं पाणी निघून जातं.

दुमडण्याआधी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर आणा. मग गिअरची यंत्रणा आत सरकते, दुमडताना कशाला अडत नाही आणि चेनही कमी उतरते. उजवा पायडल कंपनीने सांगितलेल्या जागी ठेवा, नाहीतर तो फ्रेमवर घासून रंग काढतो आणि तिथे पुढे भेग आहे की ओरखडा आहे हे ओळखता येत नाही. दुमडलेल्या सायकलीला खटक्याला धरून उचलू नका. लिफ्टमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवताना खटका वरच्या बाजूला राहील असं बघा, त्यावर बॅगा रचू नका. आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर ती उघडून भिंतीला टेकवून ठेवा. महिनोन्‌महिने दुमडलेली राहिली की केबल त्याच वाकात बसतात, आणि उघडल्यावर पहिली तक्रार गिअरची येते.